सामाजिक धोरणांची देशादेशांत तुलना करताना नेमके काय मोजावे?

उद्यमनगरी | सोमवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी.

गेली बावीस वर्षे मी कोल्हापूर परिसरातील फौंड्रींमध्ये पगार आणि कामगार विभागाचे काम पाहतो. गेल्या महिन्यात आमच्या जर्मन ग्राहकाच्या वतीने एक बाई तपासणीला आल्या होत्या. पूर्वी अशी माणसे आली की थेट लॅबमध्ये जात आणि कास्टिंगची कठीणता तपासत. या बाई मात्र दोन दिवसांपैकी दीड दिवस माझ्याच टेबलासमोर बसून होत्या. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीविषयीचा कायदा लागू झाला आहे. सुरुवातीला तो ३,००० कामगारांच्या कंपन्यांना होता, २०२४ पासून १,००० कामगारांच्या कंपन्यांनाही आला. आपल्याला माल पुरवणाऱ्यांकडे कामगारांची स्थिती काय आहे, हे त्या कंपन्यांना आता पाहावे लागते.

बाईंनी हजेरीपटावरून बोट फिरवत फेटलिंगच्या (ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या) एका कामगारापाशी थांबून विचारले, "हा माणूस आठ आठवडे आजारी पडला तर त्याचा पगार कोण देतो?" मी सांगितले की ईएसआयमधून (कामगार राज्य विमा योजनेतून) वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. त्यावर त्या म्हणाल्या की त्यांच्याकडे पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो आणि पुढे आजारविमा निधी ७० टक्के देतो, एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत. दोन्हीकडे ७० हाच आकडा पाहून मला क्षणभर अभिमान वाटला. मग त्यांनी विचारले, "हे या शेडमधल्या किती जणांना मिळते?"

त्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो, कारण त्याच आठवड्यात तो फेटलिंगचा कामगार पाळी सुटल्यावर माझ्याकडे आला होता. हातात कानातले बोळे, भुवयांवर लोखंडाची काळी भुकटी. त्याचा पगार २०,६०० वरून २१,४०० होणार होता. "साहेब, माझी वाढ थांबवता येईल का?" असे त्याने विचारले. त्याच्या आईचे डायलिसिस ईएसआयवर चालते आणि ईएसआयसाठी पगाराची मर्यादा २१,००० रुपये आहे. आठशे रुपयांच्या वाढीपायी आईचे उपचार जाणार, हा हिशेब त्याने माझ्या आधी केला होता.

वर्तमानपत्रांत आणि घरगुती चर्चेत आपण देशांची तुलना 'तिकडे इतके युरो मिळतात, इकडे इतके रुपये' अशी करतो. मला आता वाटते की रक्कम हा शेवटचा प्रश्न आहे. पैसे कोण भरतो, आणि माणसाने काम, गाव किंवा देश बदलला की ते संरक्षण त्याच्याबरोबर जाते का, हे आधी पाहायला हवे. आपल्यापैकी जे परदेशात राहिले आहेत किंवा इथेच या योजनांच्या जवळ काम करतात, त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

रंकाळाकाठी | सोमवार, रात्री १०.०५

आम्ही चार वर्षे स्टॉकहोमला होतो आणि माझी मुलगी तिथेच झाली. तिथे एका मुलामागे आईवडील मिळून ४८० दिवसांची रजा असते. त्यांतील ९० दिवस आईचे आणि ९० दिवस वडिलांचे राखीव. वडिलांनी घेतले नाहीत, तर ते वाया जातात. ही पद्धत स्वीडनने १९७४ मध्ये सुरू केली आणि राखीव दिवसांचा नियम नव्वदच्या दशकात आणला, कारण नुसती मुभा दिल्याने पुरुष रजा घेईनात. माझे यजमान कधी इतके दिवस घरी बसतील असे आमच्या सासूबाईंना वाटले नव्हते. पण फेब्रुवारीच्या बर्फात बाबागाडी ढकलत जाणाऱ्या बापांची रांगच तिथे दिसते, आणि त्या रांगेत तेही होते.

उद्यमनगरी दादा, 'कोण भरतो' हा तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. स्वीडनमध्ये त्या रजेचे पैसे माझ्या यजमानांच्या कंपनीने दिले नाहीत, राष्ट्रीय सामाजिक विमा कार्यालयाने दिले. प्रत्येक मालक वेतनावर ३१.४२ टक्के सामाजिक अंशदान भरतो, मग त्याच्याकडे तरुण मुली कामाला असोत वा साठीचे पुरुष. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. आठवडे मोजले तर आपण अनेक श्रीमंत देशांच्या पुढे आहोत. परंतु जिथे ईएसआय लागू नाही, तिथे त्या २६ आठवड्यांचा सगळा पगार त्या एकट्या मालकाने द्यायचा आहे. माझ्या धाकट्या बहिणीला पुण्यात एका मुलाखतीत विचारले गेले की लग्न ठरले आहे का. तिने खरे सांगितले आणि नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली. रजा उदार आहे, पण तिचा भार एकाच खांद्यावर टाकल्यामुळे तो खांदा मुलींनाच टाळू लागतो.

साचेकार | सोमवार, रात्री ११.४०

मी स्वतः छोटी फौंड्री चालवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. रंकाळाकाठी ताई, वेतनावर ३१ टक्के हा आकडा ऐकायला सोपा आहे. आमची स्पर्धा स्वीडनशी नाही. ती चीनशी, तुर्कस्तानशी आणि राजकोटशी आहे. किलोमागे दोन रुपये वाढले, तर परचेसचा माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला फोन करतो. वीजदर परवडत नाही म्हणून कर्नाटकात जाण्याची चर्चा आपल्या औद्योगिक वसाहतींत किती वेळा झाली, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. शेजारच्याच राज्याशी ही स्पर्धा असेल, तर जगाशी किती असेल?

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. जो ग्राहक ईएसआयची चलने (भरणा पावत्या) मागतो, तोच ग्राहक त्याच महिन्यात तीन टक्के दर कमी करायला सांगतो. सामाजिक जबाबदारीचा कागद एका खात्यातून येतो आणि दर कपातीचा दुसऱ्या खात्यातून. तो जर्मन कायदा शिथिल करण्याची भाषाही आता तिथलेच सरकार करू लागले आहे. जागतिकीकरणाच्या काळात कल्याणकारी धोरण ही श्रीमंत देशांना परवडणारी गोष्ट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

धोटा | मंगळवार, सकाळी ७.१५

साचेकार यांच्याशी अर्धा सहमत आहे. सविस्तर रात्री लिहितो, आता पाळी सुरू होईल.

अर्थविचार | मंगळवार, दुपारी १.३०

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. साचेकार यांनी मांडलेला युक्तिवाद जुना आणि दमदार आहे. देश खुले झाले की भांडवल स्वस्त मजुरीकडे धावते आणि सगळे देश आपापली सामाजिक तरतूद कापत खाली उतरतात. मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अनुभवात एक उलटी गोष्टही दिसली. डेन्मार्क, स्वीडन, नेदरलँड्स हे व्यापारासाठी अतिशय खुले असलेले छोटे देश. त्यांची सरकारेच सामाजिक कामांवर मोठा खर्च करणारी निघाली. अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक यांनी १९९८ मध्ये अनेक देशांची आकडेवारी घेऊन हाच संबंध दाखवला. त्यांचा खुलासा असा की जगाच्या बाजाराचे धक्के ज्याला जास्त बसतात, त्या देशातील लोक त्या धक्क्यांपासून संरक्षणही जास्त मागतात. डेन्मार्कमध्ये कामगाराला कामावरून कमी करणे मालकाला तुलनेने सोपे आहे. त्या बदल्यात बेकारी निधीच्या सदस्याला एका कमाल मर्यादेत आधीच्या वेतनाच्या ९० टक्क्यांपर्यंत भत्ता साधारण दोन वर्षे मिळतो, आणि नवे काम शिकवण्यावर सरकार खर्च करते. तिथला कारखाना बंद पडला तरी कामगार रस्त्यावर येत नाही, म्हणून तिथल्या कामगार संघटना खुल्या व्यापाराला फारसा विरोध करत नाहीत.

'श्रीमंतांनाच परवडते' या मताबद्दल दोन उदाहरणे ठेवतो. दक्षिण कोरियाने १९७७ मध्ये ५०० हून अधिक कामगारांच्या कंपन्यांना आरोग्यविमा सक्तीचा केला आणि १९८९ पर्यंत तो शेतकरी व स्वयंरोजगारी लोकांसह सगळ्यांना लागू केला. हा बारा वर्षांचा प्रवास आहे, आणि त्याच बारा वर्षांत त्यांची निर्यात जगभर पसरत होती. थायलंडने १९९७ च्या आर्थिक संकटातून सावरत असतानाच २००१-०२ मध्ये ३० बाटमध्ये उपचार देणारी योजना देशभर नेली. तेव्हाचे त्यांचे दरडोई उत्पन्न डॉलरमध्ये आजच्या आपल्याहून अधिक नव्हते. तिथे आरोग्यावरील एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा साधारण एक तृतीयांशावरून एक दशांशाच्या आसपास आला. आपल्याकडे हा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. पण ३९ टक्के म्हणजे अजूनही घरातील सोने गहाण पडते.

गुरुजी_कागल | मंगळवार, सायंकाळी ६.४५

एक जुनी आठवण या चर्चेत यायला हवी. धोरणे देशोदेशी प्रवास करतात, हे आजच्या जागतिकीकरणाने सुरू झालेले नाही. बिस्मार्कने १८८३ मध्ये जर्मनीत कामगारांचा आजारविमा आणला, १८८४ मध्ये अपघातविमा आणि १८८९ मध्ये वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन. १९०८ मध्ये इंग्लंडचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज ते पाहायला जर्मनीत गेले आणि १९११ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये राष्ट्रीय विमा कायदा केला.

आणि आपल्या करवीरचे काय? मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा २६ जुलै १९०२ चा हुकूम निघाला, तेव्हा राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडमध्ये होते. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंड ठेवला. आमच्या आजोबांच्या तोंडून या दंडाची गोष्ट मी अनेकदा ऐकली आहे. त्यांच्या शेजारच्या घरातील मुलगा त्या एका रुपयाच्या भीतीने शाळेत गेला आणि पुढे तलाठी झाला. एका संस्थानाच्या तिजोरीत हे परवडले. म्हणून साचेकार, 'परवडणे' या शब्दाचा फेरविचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

साचेकार | मंगळवार, रात्री ८.१०

गुरुजी, तुमचा मान राखून एवढेच म्हणतो की महाराजांना निर्यात करायची नव्हती. शाहू मिलचे सूत बहुतेक इथल्याच बाजारात विकले जात असे.

अर्थविचार सर, कोरियाचे उदाहरण मला विचार करायला लावणारे आहे. त्यांनी मोठ्या कारखान्यांपासून सुरुवात केली, हे माझ्या लक्षात नव्हते.

धोटा | मंगळवार, रात्री १०.५०

सकाळी म्हटल्याप्रमाणे लिहितो. मी इचलकरंजीत चोवीस मागांवर जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती करणारा) म्हणून काम करतो.

आमच्याकडे मजुरी पिकांच्या (कापडातील आडव्या धाग्यांच्या) हिशेबाने मीटरवर असते. माग चालला तर पैसा, वीज गेली तर नाही, बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) संपून दुसरा चढेपर्यंतही नाही. कायद्याने ईएसआय दहा माणसांच्या कारखान्याला लागते. म्हणून एका छताखाली तीन नावांचे तीन कारखाने आणि प्रत्येकात सहा-सात माणसे, अशी मांडणी मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. मधली भिंत खांद्याएवढी असते, पलीकडच्या मागाचा धोटा डोळ्यांना दिसतो. साचेकार यांना उद्देशून म्हणत नाही, कारण खर्चीवाल्या (दुसऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणाऱ्या) मागधारकाची अवस्था मलाच माहीत आहे. सूतवाला आणि कापडवाला या दोघांच्या मध्ये तो भरडला जातो.

आता जगाचे सांगतो. १९७४ पासून कापडाच्या व्यापारावर देशवार कोटे होते, ते २००४ च्या अखेरीस संपले. त्यानंतर बांगलादेशाची तयार कपड्यांची निर्यात झपाट्याने वाढली आणि त्या वाढीची किंमतही त्यांनी मोजली. २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझाची इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार मेले. तिथे २०२२ पासून कामावरील अपघाताच्या भरपाईची एक प्रायोगिक योजना चालू आहे. तिच्यात अंगभंग झालेल्या कामगाराला आणि मृताच्या वारसांना मिळणाऱ्या पेन्शनची वाढीव रक्कम परदेशी ब्रँडच्या स्वेच्छा वर्गणीतून जाते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटली. साचेकार म्हणतात तसे ग्राहक दर कापतो हे खरेच आहे, पण त्याच ग्राहकाला वर्गणी भरायला लावता येते, हेही बांगलादेशाने दाखवले आहे. आपल्या सरकारने व्यापाराच्या करारात अशी वर्गणी मागायला काय हरकत आहे?

आजऱ्याचा_घनसाळ | बुधवार, सकाळी ९.००

मी सात वर्षे अमेरिकेत एच-१बी व्हिसावर होतो. दर पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीत कापले जात आणि तेवढेच कंपनी भरत असे. तिथले निवृत्तिवेतन मिळायला ४० तिमाह्या, म्हणजे दहा वर्षे भरावी लागतात. मी अठ्ठावीस भरून परत आलो. त्या पैशावर आज माझा काहीही हक्क नाही, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. जर्मनी, फ्रान्स, जपान, कोरिया यांच्यासह सुमारे वीस देशांशी आपला असा करार आहे. माझा एक मित्र आपल्या कंपनीतर्फे जर्मनीत दोन वर्षे होता. त्याने इथे पीएफ भरत असल्याचे प्रमाणपत्र इथूनच नेले, तिथे निवृत्तिवेतनाचे अंशदान भरलेच नाही आणि त्याचा इथला पीएफ अखंड राहिला. २०२५ मध्ये ब्रिटनबरोबरच्या व्यापार कराराच्या जोडीने अशीच तीन वर्षांची सवलत ठरली. तेव्हा दोन देशांच्या धोरणांची तुलना पुरेशी नाही, त्यांच्या मधली फटही मोजायला हवी. माझी अठ्ठावीस तिमाह्यांची वर्गणी त्या फटीत पडली.

रंकाळाकाठी | बुधवार, सकाळी ९.२५

'मधली फट' हा शब्द नेमका आहे. दादा, तुमच्याबद्दल वाईट वाटले.

कोप्यांची_शाळा | बुधवार, दुपारी ३.१०

मी शिरोळ तालुक्यात हंगामात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी काम करते. वरचे सगळे वाचताना मनात आले की फट फक्त अमेरिका आणि भारत यांच्यात नाही.

नवरा-बायको मिळून एक कोयता. बीडहून निघताना मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली, त्यामुळे ती फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही. गेल्या हंगामात एका कोपीत (झोपडीत) सात महिन्यांची पोटुशी बाई होती. तिच्याकडे गावाकडचे मातृत्व कार्ड होते, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ज्वारीच्या डब्यात ठेवलेले. तिला तीन तपासण्या गावात झाल्या होत्या आणि पुढच्या इथे व्हायच्या होत्या. इथल्या आशाताईंनी तिची नोंद घेतली, स्वतः पदरचा रिक्षाखर्च करून तिला दवाखान्यात नेले. पण तिच्या योजनेच्या पैशाचा पुढचा हप्ता कोणत्या गावातून निघायचा, यावर दोन तालुक्यांत फोनाफोनी झाली. तोवर हंगाम संपला आणि टोळी परत गेली. आशाताईंनाही शासन कर्मचारी मानत नाही. त्यांना मानधन मिळते. म्हणजे जिला संरक्षण नाही, तिची काळजी घेणारीलाही ते नाही.

रेशनचे मात्र बरे झाले आहे. कोणत्याही गावात अंगठा देऊन धान्य मिळण्याची सोय आल्यापासून काही टोळ्या इथे गहू-तांदूळ उचलतात. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळही झाले आहे आणि त्यासाठी गाळपाच्या टनावर कारखान्यांकडून वर्गणी घेण्याचे धोरण आहे. दिशा मला योग्य वाटते, कारण मालक कोण हा वाद बाजूला ठेवून पैसा उसाच्या टनावरून येतो.

युरोपीय समुदायाने १९५८ मध्येच एका देशातून दुसऱ्या देशात कामाला गेलेल्या माणसाचे विम्याचे दिवस जोडून धरायचे नियम केले. पोर्तुगालचा गवंडी जर्मनीत गेला तरी त्याची वर्षे मोजली जातात. आमच्या बाईला बीडहून शिरोळला येताना तेवढे मिळायला हवे होते.

मार्केटयार्ड | बुधवार, रात्री ९.३०

कोप्यांची_शाळा ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'मालक कोण हा वाद बाजूला ठेवून' या वाक्यावरून लिहावेसे वाटले.

माझे वडील गुळाच्या बाजारात हमाल होते. एका दिवसात पाच अडत्यांच्या दारात रवे (गुळाच्या ढेपा) उचलायचे. मग त्यांचा मालक कोणता? महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. अण्णासाहेब पाटील यांनी त्यासाठी हयात वेचली. या कायद्याने मंडळे आली, ज्यांत मालक, कामगार आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी बसतात. व्यापारी हमाली मंडळात भरतो आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्हीही (जादा वर्गणी) भरतो. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस आणि औषधपाणी होते. कामगार पाच दारांत जाऊ दे, खाते एकच. वडिलांच्या पाठीवर रव्यांच्या कडांचे वळ होते, पण शेवटी हातात पासबुकही होते. त्या पैशांतून माझ्या बहिणीचे डी.एड. झाले.

आज जगभर प्रश्न पडला आहे की मोबाइलवरून कामे घेणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरांचा मालक कोण. २१ नोव्हेंबर २०२५ पासून आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात अशा कंपन्यांकडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी घेण्याची तरतूद आहे. मला त्यात माथाडी मंडळाचीच कल्पना दिसते. परदेशांशी तुलना करताना आपण नेहमी घेणाऱ्याच्या बाजूला उभे असतो. हमालांच्या या मंडळाकडे युरोपातील लोकांनी पाहायला यावे, इतके ते मोलाचे आहे.

अर्थविचार | बुधवार, रात्री १०.१५

मार्केटयार्ड यांना मनापासून नमस्कार. त्याच पंगतीत रोजगार हमी योजना बसते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने ती मोठ्या प्रमाणावर चालवली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला आणि पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याला तिचा आधार मिळाला. तिचे जनक वि. स. पागे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले. या योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. उद्यमनगरी, तुम्ही दरमहा वेतनचिठ्ठीवर 'प्रोफेशन टॅक्स २००' कापता, त्याचा उगम तिथे आहे. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, असा तो करार होता. 'कोण भरतो' या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर मला फार कमी देशांत दिसले आहे.

निवृत्त_दोनदा | गुरुवार, सकाळी ६.३०

निवृत्तिवेतनावर कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. मी ईपीएस-९५ चा, म्हणजे पीएफशी जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेचा पेन्शनर आहे. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे आणि आजही तेवढेच आहे. सरकारी कर्मचाऱ्यांत १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्याला जुनी पेन्शन आणि नंतर लागलेल्याला नाही, अशी भिंत उभी राहिली, म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला.

चिलीने १९८१ मध्ये पेन्शन खाजगी खात्यांत टाकली. कामगाराने वेतनाचे १० टक्के भरायचे, मालकाने काहीच नाही. लष्कराने मात्र स्वतःला त्यातून वगळून घेतले. पुढे म्हाताऱ्यांच्या हातात इतके कमी पडू लागले की २००८ मध्ये करातून आधार द्यावा लागला आणि २०२५ च्या सुधारणेने मालकाचे अंशदान परत आणले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये नोंदवले की चिलीच्या वाटेने ३० देश गेले आणि १८ परतले. एका देशाची पद्धत दुसऱ्याने उचलताना ती पंचवीस वर्षे चालवून काय झाले, हे पाहण्याचा धीर ठेवायला हवा. नव्या योजनेची जाहिरात पहिल्या वर्षी होते आणि तिचा निकाल पेन्शनर सत्तरीला आल्यावर लागतो.

साचेकार | गुरुवार, दुपारी १२.२०

तीन दिवस वाचतो आहे. माझे मत पूर्ण बदललेले नाही, परंतु एका ठिकाणी सरकले आहे. माझी तक्रार वर्गणीबद्दल नव्हती, एकट्याने भरण्याबद्दल होती. शेजारचा कारखाना नऊ माणसे दाखवून सुटतो आणि मी चौतीस जणांचे भरतो, हे मला जाचते. दहा माणसांची मर्यादाच काढून सगळ्यांना वर्गणी लावली, तर दर सगळ्यांचाच वाढेल आणि मी तक्रार करणार नाही. धोटा यांनी सांगितलेली खांद्याएवढी भिंत मीही पाहिली आहे.

धोटा | गुरुवार, रात्री ११.०५

साचेकार, आता मी पूर्ण सहमत.

उद्यमनगरी | शुक्रवार, रात्री ९.४५

सर्वांचे मनापासून आभार. कोप्यांची_शाळा ताई आणि मार्केटयार्ड, तुमचे प्रतिसाद छापून मी कार्यालयात आमच्या व्यवस्थापकांना वाचायला दिले आहेत.

काहींनी निरोप पाठवून त्या फेटलिंगच्या कामगाराबद्दल विचारले, म्हणून सांगतो. अंशदानाचा कालावधी एप्रिल ते सप्टेंबर असा असतो. तो चालू असताना पगार मर्यादेच्या वर गेला, तरी कालावधी संपेपर्यंत सदस्यत्व टिकते. म्हणून त्याची वाढ आम्ही १ एप्रिलऐवजी मे महिन्यापासून धरली आहे. नियमात बसणारी एवढीच वाट मला सापडली. सप्टेंबरनंतर त्याच्या आईसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून सोय होते का, हे मी त्याच्याबरोबर जाऊन पाहणार आहे. ५ लाखांचे ते संरक्षण राज्य सरकार देते, मालक कोण हे तिथे विचारत नाहीत.

तपासणीच्या अर्जात बाईंनी एक रकाना मोकळा सोडला होता, 'आजारपणात वेतन मिळणारे कामगार, एकूण उपस्थितांपैकी'. आज मी हजेरीपट आणि ठेकेदाराचे रजिस्टर शेजारी ठेवून पहिल्या पाळीची माणसे एकेक करून मोजली. आमची ११२ आणि ठेकेदाराची ५८. त्या ५८ पैकी ईएसआयचे चलन २३ जणांचेच निघाले. ठेकेदाराच्या माणसांसाठी तोच आकडा रकान्यात धरला आहे आणि उरलेल्या ३५ जणांची यादी ठेकेदाराला दिली आहे. सोमवारी तो कागद घेऊन येणार आहे.